थंड तव्यावरचं बेकन

१ फेब्रुवारी, शनिवार

आक्काचा फोन. मनाली येतेय. २२ तारखेला तिच्या आईचं, रश्मीचं, वर्षश्राद्ध, त्यासाठी. उतरणार आक्काकडे, राईला. बापाचं घर भाईंदर पूर्वेला, दोन बेडरूमचं, लिफ्ट चालू, आणि पोरगी आत्याकडे चटईवर झोपणार. आक्काने हे फार हळू आवाजात सांगितलं, जणू मीच आजारी आहे.

मी शांत आहे. पंपाच्या फॅक्टरीत स्टोअर्सला एकतीस वर्षं काढली. माल कुठे अडकलाय ते कळलं की माल सुटतो. मनाली कुठे अडकलीय ते मला माहीत आहे. बेकनमध्ये.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला होती. बेकनचं पाकीट घरी आणलं आणि माझ्या आईच्या, म्हणजे कृष्णाबाईच्या, भाकरीच्या तव्यावर तळलं. डुक्कर! कोळ्याच्या घरात म्हावऱ्याचा वास असतो, डुकराचा नाही. मी तो तवा फडक्यात धरून गरमागरम जेटीवर नेला आणि खाडीत टाकला. महिन्याभरात ती क्रूझवर नोकरीला लागली. ब्रेकफास्ट सेक्शन. रोज सकाळी दोन हजार पाहुण्यांना बेकन. हे मला टोचायलाच निवडलं असणार.

ठराव: रविवारी २३ला सकाळी, माझ्या घरात, माझ्या हातचं बेकन. ती खाईल. तव्याबद्दल मी मोठ्या मनाने सॉरी म्हणेन. मग ती राहील. पुढचं कॉन्ट्रॅक्ट एप्रिलमध्ये आहे म्हणे, म्हणजे पाच आठवडे तरी. तिची खोली उद्याच रिकामी करतो. सध्या तिथे इस्त्रीचे कपडे आणि रश्मीची व्हीलचेअर आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

खोली राहिली. दिवसभर अभ्यास केला. बेकन करायच्या तीन पद्धती: ओव्हन, मायक्रोवेव्ह, तवा. ओव्हन नाही. मायक्रोवेव्हमध्ये रश्मी दूध गरम करायची, त्यात डुक्कर नको. राहिला तवा.

यूट्यूबवर एक दाढीवाला गोरा सांगतो, तवा थंड असतानाच पट्ट्या ठेवा, तेल घालू नका, मंद गॅसवर वीस मिनिटं थांबा, आपल्याच चरबीत शिजतं. वेडा दिसतो. तवा तापल्याशिवाय त्यावर काही टाकू नये हे आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. शिवाय वीस मिनिटं नुसतं उभं राहून करायचं काय? त्याला तीन लाख लाइक आहेत. लोकांना उद्योग नाहीत.

४ फेब्रुवारी, मंगळवार

खोलीचं काम सुरू केलं. कपाटात माझ्याच अक्षरातली फाइल सापडली: 'मनाली – इतर'. आत बोटीच्या कंपनीचं पत्र. घरच्यांसाठी इमर्जन्सी नंबर, चोवीस तास चालू, निरोप बोटीवर लगेच पोचवतात. पत्र नीट पंच केलेलं, वर इंडेक्स. इतकी टापटीप आजकाल कोण ठेवतं? परत जागेवर ठेवली.

आक्काने फोनवर पुन्हा तेच उगाळलं. म्हणते, पोरीचा राग तव्यावर न्हाय, आयशीच्या आजारपणाचं तू तिला कलवलं न्हाय त्याच्यावर हाय. साफ खोटं. कळवलं होतं. मेसेज अजून फोनमध्ये आहे: 'आईला पित्ताचा त्रास. औषध चालू. काळजी नसावी.' आणि ते खरंच होतं. डॉक्टरांनी नाव वेगळं सांगितलं होतं, पण पित्ताच्या नळीचंच होतं ते. पुढे सगळं भराभर झालं. अडीच महिने म्हणजे काय, चुटकीसरशी जातात. मनाली दहाव्याला पोचली, तेरावं होईपर्यंत राईला राहिली, माझ्याशी एक शब्द बोलली नाही आणि गेली. दुःखात माणसं अशी वागतात. मूळ राग तव्याचाच.

मनालीला मेसेज टाकला: '२३ला सकाळी घरी नाश्त्याला ये. सरप्राइज आहे.' दोन मिनिटांत ब्लू टिक. उत्तर नाही. म्हणजे होकार. नसतं यायचं तर तसं लिहिलं असतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

नवा लोखंडी तवा आणला. स्टेशनजवळच्या दुकानदाराने चार वेळा बजावलं, पहले तेल लगाके दो-तीन बार जलाओ, नहीं तो सब चिपकेगा. मी म्हटलं, हम लोग को मत सिखाओ. मीरा रोडच्या कोल्ड स्टोरेजच्या दुकानातून बेकनचं पाकीट आणलं. वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीच्या तळाशी, वर मेथी.

दुपारी पहिली चाचणी. तवा धूर येईपर्यंत तापवला. दोन चमचे तेल. पट्टी टाकली. पट्टी आक्रसली, गोळा झाली, तव्याला धरून बसली. उलथन्याने खरवडली तर अर्धी तव्यावर, अर्धी उलथन्यावर. रंग: एकीकडे काळा, दुसरीकडे गुलाबी. स्वयंपाकघरात धूर. समोरच्या जागृतीबेननी बेल वाजवली. त्यांना सांगितलं, सुकट भाजतोय. आच्छा, म्हणाल्या आणि नाकाला पदर लावून थोडी खिचडी देऊन गेल्या. रश्मी आजारी असताना रोज द्यायच्या, ती सवय त्यांची सुटत नाही.

चव कशी ते कळायला मार्ग नाही. मी डुक्कर खात नाही. वासावरून पास.

८ फेब्रुवारी, शनिवार

चूक माझी नव्हती. पाकिटाच्या मागचं भिंग लावून वाचलं. सगळे रसायनांचे नंबर. ह्याला दोनशे पन्नास, त्याला तीनशे एक. औषधं मारलेला माल. हा तव्यावर चिकटणारच.

मग विचार केला, बेकन म्हणजे शेवटी काय? मांसाला मीठ लावायचं आणि सुकवायचं. बस. आणि हे मला, राईच्या कोळ्याच्या पोराला, कोण शिकवणार? आमच्या सात पिढ्यांनी वाळवण केलं. मी जन्मलो वलांडीखाली. अंगणात बांबूचा तो मांडव, त्यावर दोऱ्या, दोऱ्यांवर बोंबील. बेकन घरीच बनवायचं. क्रूझवर दोन हजार लोकांना पाकिटातलं मिळतं. बापाकडे घरचं मिळेल. मनालीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. लहानपणी नवं दप्तर आणल्यावर व्हायचा तसा.

खोली राहिली. व्हीलचेअर घडी होत नाहीये.

९ फेब्रुवारी, रविवार

बसने पालीला. बस्त्याव रविवारी घरामागे डुकराचं मटण विकतो. त्याची पोरगी मनालीच्या वर्गात होती. पोटाकडचं दोन किलो मागितलं. कशाला, विचारलं. सांगितलं. आधी हसला, मग हसायचा थांबला. म्हणाला, अरं उत्तम, ते म्हावरं न्हाय, वाऱ्यावर सुकायचं न्हाय, सडंल. भरपूर मीठ लाव, आठ दिस फ्रिजमधी ठेव, नायतर राहू दे. ह्याच्या बापाने चाळीस वर्षं बोट चालवली आणि ह्याला वाऱ्याची किंमत नाही.

निघताना म्हणाला, तुझी पोर आमच्या चुलीशी बसून खायची, तव्हा लय लहान होती. हे मला माहीत नव्हतं. मग म्हणाला, वहिनी गेली त्याच्या आदल्या नाताळात रिक्षा करून आलती. लय वालली होती. बस्त्यावचा मुलगा बोटीवर असतो, तर विचारायला आली होती की बोटीवर फोन कसा लावतात. त्याने सांगितलं, कंपनीचा नंबर घरी दिलेला असतोय, उत्तमला विचार.

तो चुकून दुसऱ्या कोणाबद्दल बोलत असेल. त्या दिवसांत रश्मी फक्त एकदा एकटी बाहेर पडली होती, ती देवळात जाते म्हणून.

मांस ताजं आहे. चरबीचे थर छान.

१० फेब्रुवारी, सोमवार

पट्ट्या कापल्या. खडे मीठ चोळलं, हात पांढरा होईपर्यंत. रात्रभर ठेवणार होतो, तेवढ्यात आक्काचा फोन. सहज विचारलं, आई बोंबलाला मीठ किती लावायची? आक्का म्हणाली, बोंबलाला कंदी मीठ लावतात का रं? निसते धुवायचे नि टांगायचे. तू कोली हाईस का कोन हाईस? मी म्हटलं, तुझी परीक्षा घेत होतो.

हे मी विसरलो होतो. विसरलो म्हणजे, वाळवणाच्या दिवसांत मी शाळेत असायचो. पण आता मूळ सूत्र सापडलं. मीठ नकोच. हवा आणि ऊन. बस्त्यावचा सल्ला रद्द. सगळं मीठ नळाखाली खळखळून धुऊन टाकलं. आपल्या माणसांचं ज्ञान ते आपल्या माणसांचं.

बाल्कनीत बांबू बांधून वलांडी केली. बोंबील जोडीने टांगतात, एकाच्या तोंडात दुसऱ्याचं तोंड अडकवून. डुकराच्या पट्ट्यांना तोंड नाही. कपड्यांचे चिमटे लावले. तेवीस पट्ट्या. लांबून फार सुंदर दिसतंय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

प्रगती उत्तम. पट्ट्यांचा रंग बदलतोय. थोडं हिरवट वाटतं ते बाल्कनीच्या जाळीमुळे असेल. कावळे फार. एक घार जाळीवर येऊन बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. छत्री घेऊन बसलोय. वास येतो. सुकवताना वास येणारच. ज्याला सोसत नाही त्याने खाडीकाठी घर घेऊ नये.

मनालीकडून काही नाही. कामात असेल.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी बेल. एकदा, दोनदा, सहादा. मी बाल्कनीत घारीच्या मागे, ऐकू आलं नाही. दार उघडलं तर जागृतीबेन, वॉचमन आणि खालच्या मजल्यावरचे दोघं. वॉचमनच्या हातात पहार. जागृतीबेननी मला बघितलं आणि तिथेच जिन्यावर बसल्या, रडायला लागल्या. म्हणाल्या, उत्तमभाई, तीन दिन से ऐसी बास आ रही है, मुझे लगा आप ही चले गये, हमको किसी ने बोला नहीं.

मी म्हटलं, सुकट. वॉचमनने पहार मागे लपवली.

मग चिमटे काढून पट्ट्या जवळून बघितल्या. काही पट्ट्यांमध्ये हालचाल आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दोन पिशव्या, एकात एक. रिक्षावाल्याने खाडीच्या जेटीपर्यंत डोकं बाहेर काढून रिक्षा चालवली. बरोबर त्याच जागी उभा राहिलो जिथून तवा टाकला होता. आता आठवतं, तेव्हा रश्मी मागून आली होती, अनवाणी. बुडालेल्या जागेकडे बघत राहिली होती, जणू तवा वर येईल.

पिशवी टाकली. शेजारी गळ टाकून बसलेल्याने विचारलं, क्या विसर्जन किया? मी म्हटलं, पूजा का सामान. त्याने हात जोडले.

हवामान चुकलं. दमटपणा जास्त होता. पद्धत बरोबरच होती.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मनालीचा मेसेज! चार वर्षांतला मला आलेला पहिला. जसाच्या तसा: '२२ला राईला असेन. संध्याकाळी सहाला आईच्या साड्या घ्यायला येईन. अर्धा तास. २३ सकाळची फ्लाइट.'

नाश्ता रद्द. पाच आठवडेही रद्द असं कोणाला वाटेल. पण बेकन संध्याकाळीही खातात. तसा काही नियम नाही. अर्धा तास पुरतो. तापलेल्या तव्यावर चार मिनिटांचं काम. राहिली सव्वीस मिनिटं. सॉरी म्हणायला दोन. चोवीस मिनिटांत माणूस विमानाचं तिकीट दोनदा बदलू शकतो.

पाकिटातलंच आणलं. तीनशे एक तर तीनशे एक.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

भाषण पाठ. 'मनाली, तो तवा फेकणं ही माझी चूक होती. एका भांड्यासाठी मी माझी मुलगी घालवली.' दुसरं वाक्य आरशासमोर म्हणून झाल्यावर नळ सोडून तोंड धुवावं लागतं, ते बरंच आहे. परिणाम होईल.

बाल्कनी फिनेलने तीन वेळा धुतली. बांबूवरचे डाग जात नाहीत. व्हीलचेअर अखेर घडी झाली. सीटच्या कप्प्यात रश्मीचा कंगवा होता. त्यात एकही केस अडकलेला नव्हता. औषधांनंतर तिच्या डोक्यावर केस उरले होते कुठे? खोलीचं दार लावून घेतलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळ ७.१०

क्रमाने लिहितो.

राईला विधी नीट झाले. मनाली पांढऱ्या सलवार-कमीजमध्ये. बारीक झालीय. हातावर भाजल्याचे डाग, कोपरापर्यंत. मी पंगतीतून लवकर उठलो, तवा तापवायचा म्हणून. आक्का म्हणाली, बायकोच्या श्राद्धाचं पान टाकून कुठं निघालास? मी म्हटलं, मनालीच्याच कामाला.

सहा वाजून पाच मिनिटांनी आली. खाली रिक्षा थांबवून. सरळ कपाटाकडे गेली. मी गॅस मोठा केला. ती साड्यांची पिशवी घेऊन बाहेर आली, बाल्कनीतला बांबू बघितला, चिमटे बघितले, विचारलं नाही. मी म्हटलं, बस, बेकन करतोय. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दुसऱ्या भाषेत बोललो.

पट्ट्या टाकल्या. धूर. चिकटल्या. मी खरवडायला लागलो, तर तिने पुढे येऊन गॅस बंद केला. उलथनं माझ्या हातातून घेतलं. तवा खिडकीत ठेवून गार होऊ दिला, कागदाने पुसला, पुन्हा शेगडीवर ठेवला. थंड तव्यावर सहा पट्ट्या एकमेकींना लागणार नाहीत अशा मांडल्या. तेल नाही. मग गॅस लावला, अगदी बारीक. आणि उभी राहिली.

वीस मिनिटं. दाढीवाला गोरा बरोबर होता. वीस मिनिटं नुसतं उभं राहावं लागतं.

मी भाषण केलं. न अडखळता. तवा, चूक, मुलगी. तिने पूर्ण ऐकलं. मग पट्ट्यांवरची नजर न काढता विचारलं, बाबा, आईने माझ्याबद्दल विचारलं होतं का?

मी म्हटलं, तुझ्या आजीचा तवा पुन्हा मिळायचा नाही, पण हाही चांगल्या लोखंडाचा आहे.

तिने पुन्हा विचारलं. एकदा तरी विचारलं होतं का?

मी म्हटलं, गॅस थोडा मोठा करू?

ती म्हणाली, नको, असाच ठेवायचा. मग एकेक पट्टी चिमट्याने उलटली. चरबी सुटली होती, पट्ट्या तिच्यातच हळूहळू लाल होत होत्या. घरात पहिल्यांदाच धूर नव्हता. झाल्यावर प्लेटमध्ये कागद घालून पट्ट्या काढल्या, गॅस बंद केला, ओटा पुसला, हात धुतले. माझ्यापुढे प्लेट ठेवली. स्वतः एकही खाल्ली नाही. रश्मीचा नॅपकिन होता, त्याने हात पुसले आणि तो पिशवीत ठेवला. पाया पडली. रिक्षेचा आवाज मी बाल्कनीतून ऐकला.

एकंदर भेट चांगली झाली. भांडण झालं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळ ९.३०

प्लेट रात्रभर टेबलावर. पट्ट्या मऊ पडल्यात.

रश्मीने विचारलं होतं. एकदा नाही. दिवाळीनंतर रोज विचारायची, मनालीचा फोन लागला का. मी म्हणायचो, बोट समुद्रात आहे, रेंज नाही. म्हणून ती पालीला गेली. बस्त्याव चुकलेला नव्हता. परत आली आणि मला म्हणाली, नंबर घरात असतो म्हणे. मी म्हटलं, आपल्याला दिलेला नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. शेवटचे चार दिवस बोलता येत नव्हतं, तेव्हा अंगठा आणि करंगळी कानाशी धरायची. मी तिचा हात खाली ठेवायचो. उशी नीट करायचो.

नंबर फाइलमध्ये होता. इंडेक्सला तिसरा.

राग होता म्हणून नाही लावला असं नाही. थोडा होता. पण मनालीला बोलावलं असतं तर रश्मी जाणार हे नक्की झालं असतं. मी ते नक्की होऊ दिलं नाही. मला भीती वाटत होती. एवढंच आहे. तव्याचा ह्यात काही संबंध नाही.

एक पट्टी खाल्ली. जन्मात पहिल्यांदा. खारट, धुराची चव, सुक्या बोंबलापेक्षा फार लांब नाही. चांगली होती. सहाही खाल्ल्या, उभ्यानेच.

मनालीला मेसेज लिहिला: 'आईने विचारलं होतं. रोज विचारलं. नंबर माझ्याकडे होता.' पाच वेळा वाचला. बोर्डिंगच्या वेळी माणसाला त्रास नको म्हणून पुसला. त्या जागी टाकलं: 'बेकन छान झालं होतं. थंड तव्याचं लक्षात ठेवीन.'

लगेच ब्लू टिक. उत्तर नाही.